शांतरसाचे ठिकाण

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, एकीकडून दुसरीकडे सहज चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, दोन संस्था उभ्या आहेत, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध असावा असे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या-येणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. त्यांपैकी एक भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. १९१७ साली स्थापन झालेले, हस्तलिखितांचे, पाठभेदांचे आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे घर. दुसरी, प्रभात फिल्म कंपनीच्या ज्या आवारात १९३६ चा 'संत तुकाराम' तयार झाला त्याच आवारात १९६० साली सरकारने सुरू केलेली चित्रपटशिक्षणाची संस्था. १९६९ साली पहिल्या संस्थेने जे. एल. मॅसन आणि मा. वा. पटवर्धन यांचा शांतरस व अभिनवगुप्ताचे सौंदर्यविषयक तत्त्वज्ञान या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला; आणि त्याच साली, दुसऱ्या संस्थेत ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्या मणी कौल नावाच्या तरुणाने 'उसकी रोटी' हा आपला पहिला कथाचित्रपट पुरा केला. हा योगायोग आहे, आणि योगायोगाच्या पायावर सिद्धान्ताची इमारत उभारू नये हे मला मान्य आहे. परंतु एकाच रस्त्यावर, एकाच साली, एकाच प्रश्नाची चौकशी एका घरी अक्षरांतून आणि दुसऱ्या घरी प्रकाशातून झाली, हे एकदा ध्यानात आल्यावर त्या प्रश्नाने मला आजवर सोडलेले नाही. तो प्रश्न असा की, जिथे डोळ्यांदेखत काही घडत नाही ते पाहण्यात माणसाला समाधान का वाटावे, आणि ते समाधान कोणत्या जातीचे असते.

'उसकी रोटी'ची हकीगत चार वाक्यांत सांगून होते. मोहन राकेश यांच्या कथेवर तो बेतलेला आहे आणि फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशावर तो निघाला. पंजाबातल्या एका खेड्यातली बालो आपल्या नवऱ्यासाठी, सुच्चासिंग नावाच्या बस-ड्रायव्हरसाठी, रोटी घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहते. त्याची गाडी आली की शिदोरी त्याच्या हाती द्यायची आणि घरी परतायचे, एवढाच तिच्या संसाराचा त्याच्याशी उरलेला व्यवहार. एके दिवशी धाकट्या बहिणीवर गुदरलेल्या प्रसंगामुळे तिला यायला उशीर होतो, गाडीची वेळ टळते, आणि ती तिथेच, दिवस कलून अंधार पडेपर्यंत, उभी राहते. याच ऐवजातून एखाद्याने अश्रूंचे पाट वाहवले असते. कौलांनी पात्रांच्या मुद्रेवरचे भाव जवळजवळ पुसून टाकले, बोलणे एकसुरी ठेवले, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोनच भिंगांवर सगळी दृश्यरचना तोलली, आणि के. के. महाजनांच्या कॅमेऱ्याने कणीक मळणारे हात, झाडाखालची सावली, धुळीचा रिकामा रस्ता यांच्याकडे इतका वेळ टक लावून पाहिले की त्या वस्तूंचे उपयोग गळून पडले आणि नुसत्या वस्तू उरल्या. हा चित्रपट रीतसर चित्रपटगृहांतून कधी फिरलाच नाही. फिल्म सोसायट्यांच्या खेळांतून, अभ्यासक्रमांच्या वर्गांतून, पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यास घेतलेल्या संग्रहपालांनी जपलेल्या प्रतींतून तो थोड्या लोकांपर्यंत पोचला, आणि त्या थोड्यांतल्याही पुष्कळांनी तो अर्ध्यावर सोडला.

मी तो प्रथम पाहिला तो पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, लहानशा सभागृहात, पंचवीस-तीस माणसांच्या संगतीत. पहिला अर्धा तास खुर्च्यांची करकर, छत्र्यांची ठिबक आणि दाराची उघडझाप एवढेच ऐकू येत होते. उठून जाणारे हलक्या पावलांनी जात होते, कारण आपण कोणाचा तरी अपमान करीत आहोत अशी एक अस्पष्ट जाणीव त्यांनाही असावी. मीही घटनेची वाट पाहत होतो. आता काही होईल, आता गाडी येईल, आता बालो रडेल. आणि मग केव्हातरी, नेमके केव्हा ते आजही मला सांगता येणार नाही, मी घटनेची वाट पाहायचे सोडले आणि बालोबरोबर वाट पाहू लागलो. या दोन गोष्टींत व्याकरणाच्या एका प्रत्ययाइतके अंतर आहे. पण माझ्यापुरते सांगायचे तर त्या संध्याकाळपूर्वीचा मी आणि नंतरचा मी यांच्यामध्ये ते अंतर कायमचे पडले. दिवे लागले तेव्हा उरलेली दहा-बारा माणसे बराच वेळ जागची हलली नाहीत. कीर्तन संपून आरती होण्यापूर्वी एक क्षण मंडपात जी स्तब्धता असते तिच्याखेरीज त्या स्तब्धतेला दुसरी उपमा मला सापडत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मी कलेच्या दप्तरात न ठेवता धर्माच्या दप्तरात दाखल करीत आहे.

आता शास्त्राकडे वळू. नाट्यशास्त्राच्या जुन्या परंपरेत रस आठ. नववा शांत हा मागाहून आला, आणि त्याच्या प्रवेशाला नाट्याच्या दरबारात कडक हरकत घेतली गेली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्याच्या मुंजराजाच्या आश्रयाला असलेला धनंजय 'दशरूपका'त आणि त्याचा टीकाकार धनिक त्या ग्रंथावरील 'अवलोका'त जी भूमिका घेतात ती सहजासहजी खोडता येण्यासारखी नाही. काव्यात शांत असेल तर असो, रंगभूमीवर त्याला ठाव नाही. कारण रस उभा राहतो तो नटाच्या अभिनयातून, आणि शांत म्हणजे तर सर्व व्यापारांचा उपशम. ज्याची भुवई चढत नाही, हात उठत नाही, श्वास जलद होत नाही, त्याचा अभिनय नटाने करावयाचा कसा? जो काही करीत नाही त्याचे करणे दाखवणे हा वदतोव्याघात होय. मग हर्षाच्या 'नागानंदा'चे काय, असे कोणी विचारले तर त्याचेही उत्तर तयार: जीमूतवाहनाच्या ठायी मलयवतीविषयीचे प्रेम आहे, चक्रवर्तित्वाची प्राप्ती आहे, तेव्हा तो दयावीर, शांत नव्हे.

काश्मिरात, थोड्याच काळाच्या अंतराने, अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त या हरकतीचा जो निकाल दिला तो मला भारतीय विचारातल्या अत्यंत धीट निकालांपैकी एक वाटतो. तो म्हणतो, पर्यंतभूमी कोणत्याच भावाची दाखवता येत नाही. रतीची परम अवस्था तरी रंगभूमीवर कोण दाखवतो? शोकाची अखेर कोण दाखवतो? दाखवली जाते ती तिथपर्यंतची वाट. आणि ती शांताचीही दाखवता येईल. याहून पुढे जाऊन तो म्हणतो की शांताचा स्थायी भाव हा इतर आठांच्या पंगतीत बसणारा नववा भाव नाही. तो तत्त्वज्ञान, म्हणजे आत्म्याचे स्वतःचेच रूप आहे, आणि बाकीचे सगळे भाव ज्या भिंतीवर चित्रासारखे उमटतात आणि पुसले जातात ती भिंत तो आहे. हा दृष्टान्त देणाऱ्या आचार्यासमोर पांढरा पडदा नव्हता. पण ज्याने पांढऱ्या पडद्यावर प्रकाशाच्या आकृती येताना-जाताना पाहिल्या आहेत, त्याला त्या दृष्टान्ताचा आशय आचार्याच्या प्रत्यक्ष शिष्यांपेक्षाही लवकर कळावा.

कारण धनंजयाची अडचण ही खरोखर नटाची अडचण आहे, आणि कॅमेऱ्याला नट लागतोच असे नाही. रंगभूमीवर माणूस निश्चल उभा राहिला तर नाटक थांबते. पडद्यावर माणूस निश्चल उभा राहिला तरी काळ थांबत नाही, पानावरची उन्हे सरकतात, दूरवर कुत्रे भुंकते, फ्रेमच्या एका कोपऱ्यात कोणाची तरी वाळत टाकलेली ओढणी हलते. निवृत्तीला इथे प्रवृत्तीची पार्श्वभूमी आपोआप मिळते. जपानचे यासुजिरो ओझू (१९०३–१९६३), ज्यांच्या कामाकुरातल्या समाधिशिलेवर 'अभाव' या अर्थाचे एकच अक्षर कोरलेले आहे, त्यांच्या 'लेट स्प्रिंग' (१९४९) या चित्रपटात लग्न करून घर सोडावयाची वेळ आलेली मुलगी क्योतोच्या एका उतारगृहात वडिलांच्या शेजारी अंथरुणावर पडलेली असते. ती छताकडे पाहून मंद हसते, मग पडद्यावर एक फुलदाणी दिसते, बराच वेळ दिसते, आणि पुन्हा मुलगी दिसते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी दाटलेले असते. भाव बदलला तो फुलदाणीच्या वेळात बदलला. नटीने तो बदल केला नाही. तो घडला आपल्यात, कारण त्या वेळात पडद्यावर आपल्याखेरीज दुसरे कोणी नव्हते. फ्रान्सचे रोबेर ब्रेसाँ (१९०१–१९९९) तर व्यवसायी नटांना वर्ज्यच मानीत, आणि ज्यांना ते उभे करीत त्यांना नट न म्हणता नमुने म्हणत. त्यांच्या १९५६ च्या चित्रपटातला कैदी चमच्याला धार लावून कोठडीच्या दाराच्या फळ्या सुट्या करीत बसतो. तो निसटणार हे चित्रपटाच्या नावातच सांगून टाकलेले आहे, म्हणजे फलाविषयीची उत्कंठा दारातच उतरवून ठेवायची, आणि मग उरते ते कर्म, लाकडावर घासणाऱ्या लोखंडाचा आवाज, आणि आपले कान. गीतेतल्या निष्काम कर्माची शिकवण पोथीतून मी अनेकदा ऐकली होती. फलाशा नसलेले पाहणे कसे असते हे मला त्या चमच्याने शिकवले.

यावरून माझा जो ग्रह झाला आहे तो सांगतो. शांतरसाचा आश्रय पात्राच्या ठिकाणी शोधला म्हणून शास्त्रकारांत तंटा उद्भवला; त्याचे ठिकाण प्रेक्षक आहे. बालो शांत नाही, ती व्याकूळ आहे. ओझूंची मुलगी शांत नाही. ब्रेसाँचा कैदी तर जिवाच्या भीतीने काम करतो आहे. त्यांच्या अशांततेकडे इतके निर्हेतुक आणि इतके दीर्घ पाहणे घडते की पाहणाराच निवतो. मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या भाषेतला पहिला थोर ग्रंथ, शके १२१२ ची ज्ञानेश्वरी, ही शृंगाराहून शांतीची कथा श्रेष्ठ ठरवून दाखवीन अशा प्रतिज्ञेने लिहिलेली आहे. आणि नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी जी एकच गोष्ट मागतात ती धन नव्हे, व्रत नव्हे, ते अवधान. त्या मागणीत श्रोत्याचा जो गौरव आहे तो लक्षात घ्यावा. सांगणाऱ्याने सगळे सांगून टाकले तर ऐकणाऱ्याला काही उरत नाही. अवधान मागणारा श्रोत्याच्या ठिकाणी भर घालण्याचे सामर्थ्य आहे हे आधीच मान्य करतो.

येथे एक शंका रास्त आहे. संथपणाची आपल्याला चीड असती, तर मिरजेला येऊन राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर या प्रांताने एवढे प्रेम कशाला केले असते? १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्वांच्या नावाने जो उत्सव भरतो, तिथे कडाक्याच्या थंडीत सतरंजीवर बसून विलंबित ख्यालाची बढत तासभर ऐकणारा, आणि गवय्याने गंधारावर जरा जास्त ठेहराव केला तर कृतज्ञतेने मान डोलावणारा श्रोता हा मराठीच आहे. हाच श्रोता पडद्यावरच्या रिकाम्या रस्त्याकडे दोन मिनिटे पाहायला का कंटाळतो? माझ्या मते याचे कारण असे की सुरांकडून आपण गोष्टीची अपेक्षा करीत नाही; चित्राकडून करतो. कानाला आपण साधनेला बसवले, डोळ्याला मात्र चाकरीला ठेवले. मणी कौल हे पुढे डागर बंधूंपाशी ध्रुपद शिकले आणि १९८२ साली त्यांनी 'ध्रुपद' हा बहात्तर मिनिटांचा चित्रपट केला, ज्यात झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा आणि झिया फरीदुद्दीन डागरांचा आवाज आहे, आणि ज्याच्या शेवटी कॅमेरा मुंबईच्या दाटीवाटीच्या छपरांवरून आलापाच्याच चालीने सरकत राहतो. पत्रे, टाक्या, तारा, दोरीवरचे कपडे. ज्या शहराकडे आपण गाडीच्या खिडकीतूनही धड पाहत नाही, त्याच्याकडे कोणीतरी षड्जाकडे पाहावे तसे पाहतो आहे. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गायकाने हे दृश्य पाहून मला विचारले होते, ''हे छायाचित्र घेणारा गाणं शिकलेला आहे का हो?'' त्यांना दिग्दर्शकाचे नाव ठाऊक नव्हते.

तरीही कंटाळा येतोच, आणि त्याच्याविषयी खोटे बोलू नये. उलट, त्याची चौकशी आपल्याकडे फार पूर्वी झालेली आहे. सदानंदाच्या 'वेदान्तसारा'त समाधीची चार विघ्ने सांगितली आहेत, ज्यांचे मूळ गौडपादांच्या कारिकांत आहे: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. संथ चित्रपटासमोर बसलेल्या माणसाची अवस्था यांच्याइतक्या नेमकेपणाने कोणत्याही समीक्षकाने वर्णिलेली मी वाचलेली नाही. प्रथम लय, म्हणजे चित्त झोपेत विरते, पेंग येते. यात लाज वाटण्याचे कारण नाही. इराणचे अब्बास किआरोस्तामी (१९४०–२०१६) तर उघड म्हणत की प्रेक्षकाला सुखाने डुलकी घेऊ देणारे चित्रपट त्यांना आवडतात. मग विक्षेप, जाग आली की मन भटकते, दुधाचे बिल, मुलाची परीक्षा, सकाळी कोणी टाकून बोललेला शब्द. अभिनवगुप्तानेही रसाच्या विघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न गणले आहे, आणि त्यावर नाट्याने गीत, वाद्य, सजवलेला मंडप हे उपाय योजले असे तो सांगतो. इथे तर गीत नाही, वाद्य नाही, मंडपाला शोभा नाही. मग तो विवशपणा जावा कसा? तो दमून जातो, एवढेच मी अनुभवाने सांगू शकतो. सकाळचा बोचरा शब्द मनात दहादा फिरतो, पडद्यावर रस्ता तसाच असतो. अकराव्यांदा तो शब्द फिरायला येतो तेव्हा त्याच्यात पहिला जोर राहिलेला नसतो. तिसरे विघ्न कषाय. मन झोपतही नाही, भटकतही नाही, पण दबलेल्या वासनांनी आखडून बसते, एक मुका राग येतो की मला इथे का बसवले आहे. बहुतेक लोक उठतात ते या टप्प्यावर उठतात, आणि ते निघून जातात याची मला नेहमी हळहळ वाटते, कारण या रागापलीकडची पायरी फार जवळ असते.

चौथे विघ्न रसास्वाद, आणि ते उरलेल्यांसाठी राखलेले आहे. समाधीच्या उंबरठ्यावर जे सुख लाभते त्याचीच चव घेत बसणे, आणि म्हणून पुढे न जाणे. जो चित्रपट कोणी पाहिलेला नाही तो मी पाहिला आहे, ज्या दिग्दर्शकाचे नाव कोणाला उच्चारता येत नाही तो मला ठाऊक आहे, अशी जी एक गोड ऊब दुर्मिळाच्या प्रेमिकाला लाभते, ती हीच. अप्रसिद्धीत एक खरे मोल आहे: ज्या कृतीवर अद्याप मतांची पुटे चढलेली नाहीत तिच्यासमोर आपण एकटे असतो, आणि एकान्तावाचून काही गोष्टी बोलत नाहीत. पण त्या एकान्ताची मालकी मिरवण्याची इच्छा झाली की एकान्त संपतो. शांताल आकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेने वयाच्या पंचविशीत, १९७५ साली, एका विधवेच्या स्वयंपाकघरातले बटाटे सोलणे आणि भांडी विसळणे २०१ मिनिटे दाखवले. दीर्घकाळ मोजक्यांनाच माहीत असलेला तो चित्रपट २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या कौलात सर्व काळातल्या चित्रपटांत अव्वल ठरला, तेव्हा काही जुन्या चाहत्यांना आनंदाऐवजी काहीतरी हिरावल्यासारखे वाटले. तो त्यांचा रसास्वाद होता. त्या स्वयंपाकघरातल्या बाईचे त्यात काहीच गेले नव्हते.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे, आणि तो मला झोपू देत नाही. सत्यजित राय यांनी १९७६ साली निघालेल्या आपल्या लेखसंग्रहात कौलांच्या 'दुविधा'वर आणि कुमार शाहनींच्या 'मायादर्पण'वर कठोर टीका केली. ती कलादृष्टीची टीका होती, आणि राय यांच्यासारख्याचे म्हणणे नुसते मतभेद म्हणून बाजूला सारता येत नाही. पण माझ्या मनातला आक्षेप नीतीचा आहे. बालोवर अन्याय होतो आहे. नवरा तिची पर्वा करीत नाही, तिच्या बहिणीची अब्रू धोक्यात आहे. अशा बाईच्या उभे राहण्याकडे पाहून माझे चित्त निवते, तर ते निवणे हे पाप नव्हे काय? दुसऱ्याच्या यातनेवर आपल्या शांतीची शेज घालणे याला धर्म म्हणावे काय?

या आक्षेपाला पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. जेवढे आहे तेवढे मला मराठी न्यायकचेरीतून मिळाले. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये नारायण कांबळे नावाच्या वयोवृद्ध लोकशाहिरावर फिर्याद आहे की त्याच्या गाण्याने एका गटार साफ करणाऱ्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले. कॅमेरा इजलासाच्या एका टोकाला जणू बाकावर बसलेल्या पक्षकारासारखा स्थिर बसतो. जबानी होते, तारीख पडते, साक्षीदार येत नाही, तारीख पडते, अर्ज नामंजूर होतो, पुन्हा तारीख. आणि अखेरीस सुट्टी लागते, कोर्ट बरखास्त होते, माणसे निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो. आणि कॅमेरा त्या काळोखात तसाच थांबतो. कांबळे कोठडीत आहे. ज्यांनी कधी जमिनीच्या दाव्यापायी, वारसाच्या दाखल्यापायी, कोणत्या तरी कचेरीच्या व्हरांड्यात दिवस काढले आहेत त्यांना तो काळोख ओळखीचा वाटेल. वेळ ही दुबळ्यांकडून वसूल केली जाणारी खंडणी आहे. जो सत्तावान तो थांबत नाही, त्याच्यासाठी इतर थांबतात. सुच्चासिंग थांबत नाही, बालो थांबते. न्यायाधीश सुट्टीवर जातो, शाहीर थांबतो. जो चित्रपट त्या थांबण्याची काटछाट करतो, 'तीन महिन्यांनंतर' असे लिहून पुढे सरकतो, तो नकळत सत्तावानाच्या घड्याळाने चालतो. करुणरसाने माझे डोळे ओले केले असते, मी रुमाल खिशात ठेवून घरी गेलो असतो, आणि बालोचे देणे फिटले असे समजलो असतो. शांताने मला रडू दिले नाही. तिचा वेळ माझ्या वेळातून वजा केला. मी जे निवणे म्हणतो त्यात सुखाचा अंश असेल, पण त्यात सुटका नव्हती. ती संध्याकाळ मला अजून परत मिळालेली नाही, आणि ती परत मिळावी असे मला वाटतही नाही.

थांबणे आणि जाणणे यांचा संबंध उपनिषदाने फार पूर्वी जोडून ठेवला आहे. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या घरी जातो तेव्हा यम घरी नसतो. तो बालक तीन रात्री अन्नपाण्यावाचून दारात थांबतो, आणि त्या तीन रात्रींच्या मोबदल्यात त्याला तीन वर मिळतात. मृत्यूविषयीचा प्रश्न त्याने पहिल्या रात्रीच विचारला असता तर? तेव्हा विचारायला तिथे कोणी नव्हते, हे खरे. पण मला वाटते विचारणाराही अजून तयार नव्हता. उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर' (२००९) या चित्रपटात त्याच नावाचा, नचिकेत नावाचा, मुलगा आहे. तो मृत्यूविषयी बोलतो, आणि एके दिवशी विहिरीत बुडून जातो. मागे उरलेला त्याचा नात्यातला, मित्रासारखा समीर त्याला शोधत हिंडतो. चित्रपट उत्तर देत नाही. तो समीरला माळावर, पाण्याच्या काठावर, घरातल्या मोठ्या माणसांच्या नित्याच्या बोलण्यात बराच वेळ राहू देतो, आणि आपल्यालाही. आणि या प्रांताच्या दैवताचे तरी काय आहे? आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने मागे वळूनही न पाहता वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले; देव थांबला. जगात शस्त्र उगारलेले देव आहेत, नाचणारे आहेत, निजलेले आहेत. कटीवर हात ठेवून वाट पाहणारा देव ज्यांनी आपला मानला, त्यांना बालोच्या उभे राहण्यात देवत्व दिसणे अवघड जाऊ नये.

हे सारे लिहीत असता मला वारंवार आठवण होते ती चित्रपटाच्या आपल्याकडील आरंभाची. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, भांडवल पुरवणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर कॅमेरा रोवला. रोज एक चित्र, असे महिन्याहून अधिक काळ. मग ती चित्रे ओळीने फिरवली, आणि क्षणभरात बी फुटून वेल वर चढला. पाहणारे थक्क झाले, भांडवल उभे राहिले, आणि काळाला मुठीत धरण्याची ही विद्या पुढे शंभर वर्षे अधिकाधिक वेगवान होत गेली. त्या क्षणाचे कौतुक मलाही आहे. पण माझे मन जाते ते त्या महिन्याकडे: रोज सकाळी त्या कुंडीपाशी येऊन, मातीत काल होते त्याहून काही निराळे दिसत नसतानाही, भिंगातून नीट पाहून, हँडल एकदाच फिरवून उठणाऱ्या त्या माणसाकडे.